जस्ताचा तुकडा



वार्तापत्रासाठी मुख्याध्यापकांनी चार शब्द लिहावेत असा आपल्या संपादक शिक्षकांचा दरवर्षी आग्रह असतो आणि मी दरवर्षी शिस्त, वाचन, स्वच्छता यांपैकी एखाद्या विषयावर ते लिहून देतो. यंदा विषय वेगळा आहे. मे महिना संपत आला आहे. आपल्या भागातल्या छोट्या होड्या आता एकेक करून वर ओढल्या जातील. त्यांच्या मोटरी काढून कोणी पडवीत ठेवील, कोणी झापांच्या खोपीत. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा होईपर्यंत त्यांच्याकडे फारसे कोणी बघणार नाही. त्याआधी या मोटरींविषयी मला काही सांगायचे आहे, आणि ते सांगताना माझी एक जुनी चूकही सांगायची आहे. ती चूक मी त्या घरी जाऊन कबूल केली होती, वर्गातही कबूल केली होती, पण लिहून कधी दिली नव्हती. लिहून दिली तर चार घरांना तिचा उपयोग होईल असे वाटते.

मी मूळचा ग्वाल्हेरचा. घरात मराठी, पण शाळा-कॉलेज सगळे हिंदीतून. बी.एस्सी.ला माझा विषय रसायनशास्त्र. 'संक्षारण' हा धडा मला तोंडपाठ होता, कारण त्यावर परीक्षेत हमखास प्रश्न यायचा. लोखंडाला गंज लागू नये म्हणून उपाय लिहा. रंग लावणे, तेल किंवा ग्रीस लावणे, जस्ताचा मुलामा देणे, म्हणजे हिंदीत 'यशदलेपन'. तीन उपाय, तीन गुण. समुद्र मात्र मी तोवर चित्रातच पाहिला होता. 2004 साली गोव्यात नोकरीला आलो तेव्हा मराठी पुस्तकात 'यशदलेपना'चे 'जस्तविलेपन' झाले आणि 'जंग'चा 'गंज' झाला. शब्द बदलले, पण उत्तर तेच तीन गुणांचे राहिले.

ग्वाल्हेरला लोखंड गंजत नाही असे नाही. पण तिथे वर्षातले आठ महिने हवा कोरडी असते, त्यामुळे गंजही सुटी घेतो. इथे पेडण्याच्या किनाऱ्यावर त्याला सुटी नाही. भाड्याच्या घराच्या दाराला मी नवीन बिजागऱ्या बसवल्या, त्या दुसऱ्या पावसाळ्यात हातात आल्या. शाळेच्या खिडक्यांचे गज फुगून त्यांचे पापुद्रे निघतात, हे तुम्ही रोज पाहताच. तरीही मी वर्गात तेच तीन उपाय शिकवत होतो, कारण ते खोटे नव्हते. अर्धवट मात्र होते.

2012 च्या मे महिन्यात आपल्या एका विद्यार्थिनीचे वडील शाळेत आले. तेरेखोलच्या खाडीत त्यांची होडी होती आणि होडीला 10 अश्वशक्तीच्या आतली, जुनी विकत घेतलेली आऊटबोर्ड मोटर होती. ज्यांनी ही मोटर जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. होडीच्या मागच्या फळीला अडकवायची ही मोटर. वर इंजिन, खाली लांब पाय, पायाच्या टोकाला गिअरबॉक्स आणि पंखा. ते म्हणाले, "सर, पायाचा रंग उडालाय आणि पांढरी भुकटी सुटलीय. तुम्ही सायन्स शिकवता, जरा येऊन बघाल का?"

मी मोठ्या आनंदाने गेलो. मोटरीचा पाय ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता. जागोजागी रंगाचे फोड आले होते आणि त्यांच्याखाली पांढरी पूड होती. लोखंडाचा गंज तांबडा, ॲल्युमिनियमचा पांढरा, एवढे मला ठाऊक होते. मी सांगितले, "भुकटी खरवडून काढा, गोड्या पाण्याने धुवा, वाळवा आणि चांगल्या ऑईलपेंटचे दोन हात द्या." पंख्याच्या वर जे आडवे पाते असते त्याच्या खाली स्क्रूने बसवलेला राखाडी रंगाचा, अंगठ्याएवढा एक तुकडा होता. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "हा मेकॅनिकने आत्ताच नवीन बसवलाय. यालाही रंग द्यायचा?"

मी म्हणालो, "यालाही द्या. काहीच सोडू नका."

तो तुकडा कशासाठी असतो हे मला माहीत नव्हते. माहीत नाही, हे सांगायला मला दोन सेकंदही लागले नसते. पण मी मुख्याध्यापक, रसायनशास्त्राचा पदवीधर, आणि चार माणसे भोवती उभी होती. त्यांनी दोन हात रंग दिला. मोटर नव्यासारखी दिसू लागली. मी शाळेत एकदोघांना हे कौतुकाने सांगितल्याचेही आठवते.

जानेवारी 2014 मध्ये, भर हंगामात, ती मोटर बंद पडली. त्यांची मुलगी तेव्हा दहावीत होती. ती तीन आठवडे शाळेत आली नाही. चौकशी केली तेव्हा कळले की वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेले आहेत आणि आठवडाभर घरी येत नाहीत. आई बाजारात दुसऱ्यांचे मासे विकायला बसते आणि धाकट्या दोन भावंडांचे सगळे ही मुलगी बघते. परीक्षा दोन-अडीच महिन्यांवर आलेली. मी त्यांच्या घरी गेलो तो मुलीला शाळेत पाठवा, असे सांगायला. नेमका त्याच दिवशी पलीकडच्या तीरावरून मेकॅनिक आला होता आणि अंगणात गोणपाटावर मोटर उघडून बसला होता.

गिअरबॉक्समधले ऑईल त्याने एका डब्यात काढले होते. ते दुधासारखे पांढरट झाले होते, म्हणजे आत पाणी शिरले होते. पंख्याच्या दांड्याजवळ ॲल्युमिनियमला खोल भोके पडली होती, पाणी बाहेर थोपवून धरणाऱ्या सीलची बैठकच खाल्ली गेली होती आणि आतले दाते गंजून झिजले होते. मग मेकॅनिकने स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने त्या राखाडी तुकड्यावरचा रंग खरवडला. आतून कोरे करकरीत जस्त निघाले. कडा धारदार, साच्यातली अक्षरेसुद्धा वाचता येत होती.

मी म्हणालो, "हा तुकडा तरी चांगला राहिला."

तो मान वर न करता म्हणाला, "हाच तर रोग आहे, सर. हा झिजायला हवा होता. रंग कोणी लावला याला?"

मुलीच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते म्हणाले, "मीच लावला."

विद्यार्थी मित्रांनो, त्या अंगणात मला जे समजले ते आता तुम्हाला समजावून सांगतो, कारण पुस्तकात ते दोनच ओळींत उरकलेले असते.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे गोड्या पाण्यापेक्षा ते वीज कितीतरी चांगली वाहून नेते. मोटरीत धातू एकच नसतो. पाय ॲल्युमिनियमचा, पंख्याचा दांडा आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, कुठे पितळेचा भाग. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात उभे राहिले की त्यांची बॅटरी होते, टॉर्चच्या सेलमध्ये होते तशीच. या बॅटरीत जो धातू इलेक्ट्रॉन लवकर सोडतो तो विरघळत जातो आणि दुसरा सुरक्षित राहतो. स्टील आणि ॲल्युमिनियम यांच्यात झिजते ते ॲल्युमिनियम. एरवी ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साईडचा एक पातळ पापुद्रा असतो आणि तो हवेपाण्यापासून त्याला जपतो. पण मिठातले क्लोराईड त्या पापुद्र्याला भोके पाडते.

यावर तोड म्हणून जस्ताचा तुकडा बसवतात. समुद्राच्या पाण्यात जस्त हे ॲल्युमिनियमच्याही आधी इलेक्ट्रॉन सोडते. म्हणून झीज सगळी जस्ताच्या वाट्याला येते आणि मोटर वाचते. इंग्रजीत त्याला जे नाव आहे त्याचा अर्थच 'बळी जाणारा धनाग्र' असा होतो. पण त्यासाठी दोन अटी आहेत. तुकड्याचा मोटरीच्या धातूशी उघडा, स्वच्छ संबंध हवा आणि त्याला पाण्याचा थेट स्पर्श हवा. मी दुसरी अट रंगाखाली गाडून टाकली. शिवाय पायाला दिलेल्या रंगावर होडी वाळूला लागताना ओरखडे पडले. सगळा पृष्ठभाग झाकलेला आणि एखादाच ओरखडा उघडा असला की सगळी झीज त्या एका जागेवर येते. म्हणूनच भोके खोल गेली. होडी हंगामभर खाडीत नांगरलेली असायची आणि मोटरीचा पाय रात्रंदिवस पाण्यात असायचा. दोन हंगामांत काम तमाम झाले.

तीन आठवड्यांनी ती मुलगी वर्गात आली. योगायोगाने त्या दिवशी धातूंच्या क्षरणाची उजळणी चालू होती. मी फळ्यावर तीन उपाय लिहिले. तिने हात वर केला. "सर, जस्त लोखंडाला वाचवतं असं पुस्तकात आहे. मग जस्तालाच रंग लावला तर ते वाचवेल का?"

तिला उत्तर ठाऊक होते, मलाही ठाऊक होते. वर्गाला मात्र काही ठाऊक नव्हते. मी खडू खाली ठेवला आणि जे घडले ते सगळ्या वर्गाला सांगितले. रंग लावायला मी सांगितले, मला माहिती नसताना सांगितले, आणि त्यामुळे एका घराचा हंगाम बुडाला. वर्गात बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग तीच म्हणाली, "सर, करून बघू या का?"

आम्ही काचेच्या सहा बरण्या घेतल्या. सहांमध्ये सहा स्वच्छ घासलेले लोखंडी खिळे. पहिलीत विहिरीचे गोडे पाणी, बाकी पाचांत समुद्राचे. दुसरीत नुसता खिळा. तिसरीत खिळ्याला तांब्याची तार गुंडाळली. चौथीत टॉर्चच्या जुन्या सेलचे जस्ताचे कवच कापून त्याची पट्टी गुंडाळली. ते कवच मी स्वतः कापले. मुलांनी घरी सेल फोडू नयेत. पाचवीत खिळ्याला रंग देऊन त्यावर एक ओरखडा काढला. सहावी बरणी त्या मुलीची. तिने जस्ताची पट्टी खिळ्याला घट्ट गुंडाळली आणि मग पट्टीला बाहेरून मैत्रिणीच्या नेलपॉलिशचे तीन थर दिले.

चौथ्या दिवशी निकाल लागला. गोड्या पाण्यातला खिळा थोडा तांबूस झाला होता, समुद्राच्या पाण्यातला पुष्कळ. तांब्याची तार गुंडाळलेल्या खिळ्याची अवस्था सगळ्यांत वाईट. रंग दिलेल्या खिळ्यावर नेमक्या ओरखड्याच्या रेषेवर गंज. चौथ्या बरणीत पाणी ढगाळ झाले होते, जस्तावर पांढरा साका धरला होता आणि खिळा जसाच्या तसा होता. सहाव्या बरणीत जस्त चकचकीत आणि खिळा तांबडालाल. चाळीस मुलांनी रांगेने येऊन ती बरणी पाहिली. इतक्या वर्षांत या धड्याला मुले इतकी गप्प बसलेली मी पाहिली नव्हती.

या निमित्ताने मी पुन्हा वाचायला बसलो आणि माझ्या एका थोर पूर्वसुरीची गोष्ट सापडली. इंग्लंडच्या आरमाराच्या लाकडी जहाजांना कीड लागू नये म्हणून बुडाला तांब्याचे पत्रे मारत आणि समुद्राच्या पाण्याने ते पत्रे झिजत. 1824 साली सर हम्फ्री डेव्ही यांनी, म्हणजे खाणीतल्या सुरक्षित दिव्यासाठी प्रसिद्ध असलेल्या त्याच शास्त्रज्ञाने, तांब्याला जस्ताचे किंवा बिडाचे तुकडे जोडायचा उपाय काढला. तांबे झिजायचे थांबले. सिद्धांत अगदी बरोबर ठरला. पण जहाजांच्या बुडाला शेवाळ आणि शिंपल्यांसारखे जीव भराभर चिकटू लागले आणि जहाजे संथ झाली. आधी जे थोडे थोडे तांबे पाण्यात विरघळत होते तेच या जीवांना दूर ठेवत होते, हे नंतर ध्यानात आले. आरमाराने उपाय सोडून दिला. आज मोठमोठ्या पोलादी जहाजांच्या बुडाला अशाच बळीच्या वड्या बसवतात, त्यामागे डेव्हींचेच तत्त्व आहे. एवढ्या मोठ्या माणसाचे गणितसुद्धा समुद्राने एकदा तपासून परत पाठवले, मग माझे काय!

आता पालकांसाठी. बाहेरची झीज जस्त थांबवते, पण मोटरीच्या आतही एक समुद्र असतो. इंजिन थंड ठेवायला ही मोटर समुद्राचेच पाणी आत ओढते. पायातला रबरी पंखा, म्हणजे इंपेलर, ते पाणी वर चढवतो, ते इंजिनाच्या भिंतींमधून फिरते आणि बाहेर पडते. इंजिन चालू असताना मागून जी बारीक धार पडते ती याच पाण्याची. मोटर बंद केली की आतले पाणी उतरते, पण सगळे नाही. उरलेले गरम भिंतींवर सुकते आणि मिठाचा थर मागे राहतो. असे थर साचत साचत पाण्याच्या वाटा अरुंद होतात, इंजिन तापते आणि एक दिवस धरते.

पुष्कळांना वाटते की मोटर घरी आणून ठेवली, आता तिला समुद्राची बाधा नाही. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते म्हणून आई त्यात तांदळाचे दाणे टाकते. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ हवेतून पाणी ओढू लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे मीठ न काढता पडवीत ठेवलेली मोटर पावसाळाभर समुद्रातच असते. वरून प्लास्टिक गच्च बांधले तर ओल आणखी कोंडते. मेकॅनिक मला म्हणाला होता, "समुद्रात मोटरी फार कमी मरतात, सर. घरी मरतात."

त्याच्याकडून आणि इथल्या जाणत्या पालकांकडून मी जे शिकलो ते थोडक्यात असे.

रोजचे काम. होडी नांगरल्यावर मोटर तिरकी करून पाय पाण्याबाहेर काढावा. शक्य तेव्हा, निदान दोन-तीन दिवस मोटर वापरायची नसेल तेव्हा तरी, अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये गोडे पाणी भरून त्यात पाय बुडवावा आणि मोटर मंद गतीने, गिअर न टाकता, दहा-पंधरा मिनिटे चालवावी. पाणी आडव्या पात्याच्या वरपर्यंत हवे. मागची धार नीट पडते आहे ना, हे पाहावे. धार नसेल तर लगेच बंद करावी. पाण्याशिवाय मोटर क्षणभरही चालू करू नये, रबरी इंपेलर सुका चालला की फाटतो. नंतर मोटर उभीच ठेवावी म्हणजे आतले पाणी निथळून जाते. हे काम मोठ्यांनी, उघड्या जागेत, पंखा काढून ठेवून करावे. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

पावसाळ्यापूर्वीचे काम. असेच धुऊन झाल्यावर पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्यावे. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑईल सोडावे आणि दोरी दोन-चार वेळा सावकाश ओढावी. गिअरबॉक्सचे ऑईल बदलावे. जुने दुधाळ निघाले तर सील तपासून घ्यावे. पंख्याच्या दांड्याला आणि बोल्टच्या आट्यांना पाणी न धरणारे ग्रीस लावावे, नाहीतर स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असे बसतात की मोडल्याशिवाय निघत नाहीत. मोटर वारा लागेल अशा जागी उभी ठेवावी.

आणि जस्ताचा तुकडा. तो झिजून अर्धा झाला की बदलावा. त्याखालची जागा घासून स्वच्छ करावी. पाय रंगवायला हरकत नाही, पण तांबे असलेला रंग ॲल्युमिनियमला लावू नये. तुकड्याला कोणताच रंग लावू नये. नदीच्या गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा तुकडा मिळतो, तो समुद्रात चालत नाही, फार लवकर संपतो. वर्षभरात तुकडा अजिबात झिजला नाही तर आनंद मानू नका, मेकॅनिकला दाखवा.

हे सगळे सांगणे सोपे आहे, पण एक अडचण मला त्या मुलीच्या आईने सांगितली. ती म्हणाली, "सर, ड्रमभर गोडं पाणी सांगता, पण एप्रिल-मेमध्ये ते आणायचं कुठून? आमच्या विहिरीचं मचूळ होतं. प्यायचं पाणी मी लांबून आणते. ते मोटरीला पाजू का पोरांना?" याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते आणि या वेळी मी ते तसे सांगितले. पुढच्या वर्षी मुलांनी आपापल्या विहिरींचे पाणी बाटल्यांतून आणले आणि प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून पाहिले. जितके क्लोराईड जास्त तितका पांढरा साका दाट. खाडीजवळच्या विहिरींचे पाणी दुधट झाले, वरच्या अंगाच्या विहिरींचे जेमतेम धुरकट. पण समुद्राच्या पाण्याची बाटली शेजारी ठेवली तेव्हा मचूळ पाणीही त्यापुढे काहीच नव्हते. म्हणजे मे महिन्यात पिण्याचे पाणी खर्ची घालायची गरज नाही. मचूळ पाण्याने मोटर धुतली तरी बरेचसे मीठ निघते. आणि खरे गोडे पाणी जूनमध्ये आकाशातूनच येते. पहिल्या दोन-तीन जोरदार सरींनंतर पन्हळीखाली ड्रम ठेवला की तो बघता बघता भरतो. मोटर ठेवून देण्याआधीची शेवटची धुणी तेवढ्यासाठी आठवडाभर थांबू शकते.

म्हणून विश्वस्त मंडळींना माझी एक विनंती आहे. आपल्या शाळेचे छप्पर मोठे आहे आणि मागच्या बाजूची पन्हळ चांगली आहे. तिथे दोन ड्रम आणि मोटर अडकवायला एक भक्कम लाकडी चौकट करून मिळाली तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळेच्या वेळेनंतर, पालकांना आपापल्या मोटरी तिथे धुता येतील. खर्च फार नाही. धुतलेले तेलकट पाणी विहिरीकडे किंवा बागेकडे जाणार नाही, याची जबाबदारी शाळा घेईल. दहावीच्या मुलांचा क्षरणाचा धडा तिथेच होईल.

त्या मुलीने त्या वर्षी परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाली. पुढे तिने डिप्लोमाही केला. तिच्या वडिलांनी उन्हाळ्यात जुन्या बाजारातून मोटरीचा खालचा भाग मिळवला, त्यातला थोडा वाटा मी त्यांच्या नको नको म्हणण्याला न जुमानता उचलला, आणि नारळी पौर्णिमेनंतर त्यांची होडी पुन्हा पाण्यात गेली. पण बुडालेला हंगाम काही परत आला नाही, हेही इथे लिहिले पाहिजे. मी माफी मागायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "सर, मी तुम्हाला एकदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. पण हेडमास्तरांना दुसऱ्यांदा कसं विचारायचं?"

विद्यार्थी मित्रांनो, या शाळेत दुसऱ्यांदा विचारत जा. मलाही विचारा. ज्याला उत्तर येत असेल तो रागावणार नाही, आणि ज्याला येत नसेल त्याचे तुम्ही भलेच कराल.

मेकॅनिकने काढलेला तो जस्ताचा तुकडा मी मागून घेतला होता. कार्यालयात माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून तो ठेवलेला असतो. त्याच्या एका कडेला अजून निळा ऑईलपेंट आहे.

आपला,
मुख्याध्यापक